रिबन ट्वीटर ‘वेगवान’ असतो म्हणजे नक्की काय?

रिबन आणि प्लॅनर ट्वीटरबद्दल जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं एका वाक्यात मावतं: ‘पडदा हलका, म्हणून आवाज वेगवान, म्हणून डोमपेक्षा चांगला.’ घरी स्पीकर बनवणारे या वाक्यावर विसंबून कधीकधी वूफरपेक्षा जास्त पैसे ट्वीटरवर घालतात. आज आपण हे वाक्य तपासू या. तुम्हाला स्पीकर बनवायचा नसेल तरी वाचा. वर्षा-दोन वर्षांत तुम्ही संशोधनाचा प्रस्ताव लिहाल, त्यातही असंच एखादं ‘अ म्हणून ब, ब म्हणून क’ असेल, आणि समोर बसलेलं कोणीतरी शांतपणे विचारेल, ‘कशावरून?’

माझं मत आधीच सांगून टाकते. रिबन आणि प्लॅनर ही चांगली साधनं आहेत, पण ज्या कारणासाठी ती घेतली जातात ते कारण टिकत नाही. त्यांचं खरं वेगळेपण दुसरीकडे आहे. ते समजलं की निवडही बदलते.

आधी ओळख

नेहमीचा डोम ट्वीटर म्हणजे साधारण २५ मिलिमीटर व्यासाचा रेशमी कापडाचा किंवा धातूचा छोटा घुमट. त्याच्या कडेला तारेचं वेटोळं असतं आणि ते चुंबकाच्या अरुंद फटीत बसतं. जोर कडेला लागतो आणि मधला घुमट त्याच्याबरोबर हलतो.

रिबनमध्ये वेटोळंच नाही. ॲल्युमिनियमची अतिशय पातळ, चुण्या पाडलेली पट्टी दोन चुंबकांच्या मधे टांगलेली असते. वीज त्या पट्टीतूनच वाहते आणि पट्टीच हवा हलवते. हीच रचना उलटी वापरली की रिबन मायक्रोफोन होतो. १९२० च्या दशकात जर्मनीत वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख यांनी या दोन्हींवर काम केलं. डायोडच्या धड्यात भेटतो तो शॉट्की हाच.

प्लॅनरमध्ये पट्टीऐवजी प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा नागमोडी मार्ग असतो. चुंबकांच्या रांगा एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना. अमेरिकेत जिम विनी यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या मॅग्नेपॅन कंपनीचे दारासारखे उंच स्पीकर याच कुळातले. तिसरा भाऊ म्हणजे ऑस्कर हाइल यांचा ‘एअर मोशन ट्रान्सफॉर्मर’. त्यात फिल्मला घड्या घातलेल्या असतात आणि बाजाच्या भात्यासारखी हवा घड्यांमधून दाबून बाहेर काढली जाते. आज त्याला बाजूला ठेवू, नाहीतर लेख संपायचा नाही.

हलकं म्हणजे वेगवान?

उदाहरणासाठी एक पट्टी धरू: ६० मिलिमीटर लांब, ८ मिलिमीटर रुंद, १० मायक्रोमीटर जाड. ॲल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम. गुणाकार करा: वजन येतं सुमारे १३ मिलिग्रॅम. डोमचा हलणारा भाग वेटोळ्यासकट साधारण ०.३ ग्रॅम, म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. वीसपटींहून जास्त फरक! इथपर्यंत जाहिरात खरी आहे.

आता क्षेत्रफळ बघा. पट्टीचं ४८० चौरस मिलिमीटर, २५ मिलिमीटरच्या डोमचं सुमारे ४९०. जवळपास सारखंच. म्हणजे एकाच वारंवारतेला, एकाच अंतरावर, तेवढाच ध्वनिदाब हवा असेल, तर दोघांनाही तेवढीच हवा तेवढ्याच वेळात हलवावी लागते. दोन्ही पडदे तेवढेच अंतर, तेवढ्याच वेगाने जातात. ‘वेगवान’ हा शब्द शब्दशः घेतला तर दावा इथेच संपतो.

‘पण ठोका लगेच सुरू होतो आणि लगेच थांबतो ना?’ हा प्रश्न चांगला आहे. ट्वीटर त्याच्या कामाच्या पट्ट्यात बहुतांशी ‘मिनिमम फेज’ प्रणालीसारखा वागतो. याचा साधा अर्थ असा की एका दिशेतला वारंवारता-प्रतिसाद आणि काळानुसार दिलेला प्रतिसाद या एकाच माहितीच्या दोन बाजू आहेत. एका बाजूवरून दुसरी गणिताने काढता येते. आलेख २० किलोहर्ट्झपर्यंत सपाट असेल, तर ठोकाही तितकाच नेमका. आलेखावर टोकदार सुळका असेल, तर त्या वारंवारतेला पडदा घुमत राहतो. हे रिबनलाही लागू आणि डोमलाही. वजन या हिशोबात थेट येतच नाही.

मग वजन कुठे येतं? ते जोराच्या जोडीने येतं. त्वरण म्हणजे जोर भागिले वस्तुमान, हे आपण नववीतच शिकलोय. रिबनचं वस्तुमान कमी, पण जोरही कमी: डोमच्या चुंबकाची फट मिलिमीटर-दीड मिलिमीटरची, तर रिबनची पट्टीच्या रुंदीपेक्षा मोठी, म्हणून चुंबकीय क्षेत्र विरळ. शिवाय वाहकाची लांबी फक्त ६० मिलिमीटर. जाहिरातीत भाजक दाखवतात आणि भाज्य झाकून ठेवतात.

तरी एक खरा गुण इथे सापडतो आणि तो मान्य केला पाहिजे. रिबनमध्ये जोर पट्टीच्या सगळ्या पृष्ठभागावर लागतो. डोमप्रमाणे कडेचा जोर मध्यापर्यंत पोचवायची गरज नाही, त्यामुळे पडदा ताठ असावा लागत नाही. हा फायदा वजनाचा नव्हे, जोर कसा वाटला जातो त्याचा. दोन्हींची गल्लत केली की चुकीचा गुण शोधत चुकीचं सामान घेतलं जातं.

खरं वेगळेपण: आकार

रिबन उभा आणि अरुंद असतो, डोम गोल. क्षेत्रफळ सारखं असूनही हा फरक सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि याच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलं जातं.

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणून १० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३४ मिलिमीटर. ८ मिलिमीटर रुंदी त्यापुढे लहान, त्यामुळे आडव्या दिशेत आवाज छान पसरतो. सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसलेल्यांना जवळपास सारखंच ऐकू येतं. ही रिबनची खरी बाजू. पण ६० मिलिमीटर लांबी तरंगलांबीहून मोठी, त्यामुळे उभ्या दिशेत आवाज अरुंद झोतात जातो.

किती अरुंद? तुम्ही २.५ मीटरवर बसला आहात आणि ट्वीटर कानाच्या उंचीला आहे असं धरा. आता उठून उभे राहा. कान साधारण ६० सेंटिमीटर वर गेला, म्हणजे १३ ते १४ अंश. पट्टी सगळीकडे सारखी हलते असं मानून १० किलोहर्ट्झला काय होतं ते काढू:

२५ मिलिमीटरच्या डोमला घट सुमारे ०.३ डेसिबल, म्हणजे नसल्यासारखीच.
६० मिलिमीटरच्या रिबनला घट सुमारे २.५ डेसिबल, लक्ष दिलं तर कळेल.
१२० मिलिमीटरच्या रिबनला घट सुमारे १३.५ डेसिबल, म्हणजे झांजांवर कोणीतरी रजई टाकली.

समोरची पट्टी आणि कडा यांनी प्रत्यक्ष आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र बदलणार नाही. गंमत म्हणजे दुकानात १२० मिलिमीटरवाला महाग असतो आणि ‘वरचं मॉडेल’ म्हणून विकला जातो. त्याला जास्त पॉवर झेपते आणि तो जास्त मोठ्याने वाजतो, हे खरं. पण त्याची किंमत तुम्ही बसायच्या जागेने चुकवता.

इथे कोणी मॅग्नेपॅनचं उदाहरण देईल: त्यांच्या मोठ्या मॉडेलमधला रिबन तर जवळपास दीड मीटर लांब आहे, मग तो कसा चालतो? कारण तो मुळात रेषा आहे. बसलात काय आणि उभे राहिलात काय, कान त्या लांबीच्या समोरच राहतो. अडचण आहे ती मधल्यांची. ६ ते १२ सेंटिमीटरचा रिबन धड बिंदू नाही आणि धड रेषाही नाही. घरगुती बांधणीत तर नेमके हेच येतात.

खालच्या टोकाची किंमत

दुसरा मुद्दा ट्वीटर किती खालपर्यंत वापरता येईल याचा. सपाट फळीवर बसवलेल्या स्रोताकडून १ मीटरवर १०० डेसिबल हवे असतील, तर आपल्या ४८० चौरस मिलिमीटरच्या पडद्याला ४ किलोहर्ट्झला मधल्या स्थितीपासून जेमतेम ०.०५ मिलिमीटर हलावं लागतं. २ किलोहर्ट्झला ०.२ आणि १ किलोहर्ट्झला ०.८ मिलिमीटर. वारंवारता निम्मी केली की हालचाल चौपट.

डोमला ०.२ मिलिमीटर म्हणजे फारसं काही नाही. टांगलेल्या चुणीदार पट्टीला मात्र ते बरंच आहे. पट्टी चुंबकांच्या मधल्या जागेतून पुढेमागे सरकते, तिथे क्षेत्र विरळ होतं आणि डिस्टॉर्शन वाढतं. अती झालं तर पट्टी ताणली जाते आणि पूर्ववत होत नाही.

त्यात भर ट्रान्सफॉर्मरची. आपल्या पट्टीचा रोध काढा: सुमारे ०.०२ ओहम. अँप्लिफायरला हे म्हणजे शॉर्ट सर्किटच. म्हणून आत ट्रान्सफॉर्मर लागतो. ८ ओहम दाखवायचे तर रोध ४०० पट वाढवायचा, म्हणजे वेढ्यांचं गुणोत्तर २० ला १. खालच्या वारंवारतेला छोट्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होतो, ही आणखी एक मर्यादा. रिबनची चर्चा पट्टीवर होते आणि ट्रान्सफॉर्मरचा उल्लेखही नसतो. अर्धं यंत्र न तपासता आलेला निष्कर्ष अर्धाच.

म्हणून छोटा रिबन साधारण ३ किलोहर्ट्झच्या वरच आणि तीव्र उताराच्या क्रॉसओव्हरने वापरणं शहाणपणाचं. पण मग वूफरने ३ किलोहर्ट्झपर्यंत यायला हवं. साडेसहा इंची वूफर तिथे स्वतःच अरुंद झोत सोडू लागतो. वर वूफर आणि रिबन यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर सहज १३-१४ सेंटिमीटर होतं, तर ३ किलोहर्ट्झची तरंगलांबी ११.४ सेंटिमीटर. अंतर तरंगलांबीपेक्षा जास्त, म्हणजे मान थोडी वरखाली केली तरी दोघांचे आवाज एकमेकांना खोडू लागतात. आडव्या दिशेतही जोडाच्या खाली वूफर अरुंद आणि वर रिबन एकदम रुंद. रिबनचा सगळ्यात मोठा गुण इथे वूफरशी भांडतो. चांगला डोम १.८-२ किलोहर्ट्झला जोडता येतो आणि हे भांडण तिथे बरंच मिटतं.

प्लॅनर: मधला मार्ग, पण स्वतःच्या खोडींसकट

प्लॅनरला ट्रान्सफॉर्मर लागत नाही, कारण लांब नागमोडी मार्गामुळे रोध आपोआप ४ ओहमच्या आसपास आणता येतो. हा भार जवळजवळ शुद्ध रोध असतो, त्यामुळे क्रॉसओव्हरचा हिशोब कागदावर आला तसाच प्रत्यक्षात येतो. पहिल्यांदा क्रॉसओव्हर करणाऱ्याला ही मोठीच सोय. फिल्मही पट्टीपेक्षा दणकट.

खोडी दोन. चुंबक एकाच बाजूला असतील, तर फिल्म त्यांच्यापासून लांब गेली की जोर कमी आणि जवळ आली की जास्त. या एकांगीपणातून दुसरं हार्मोनिक तयार होतं. दोन्ही बाजूंना चुंबक लावले की ते बरंच दबतं, पण आता समोरचे चुंबक आवाजाच्या वाटेत येतात, आणि फटींमधल्या हवेचे स्वतःचे चढउतार वरच्या वारंवारतेत दिसू लागतात. शिवाय कडेला घट्ट धरलेली फिल्म ढोलकीच्या पानासारखी स्वतःच्या अनुस्पंदनात जाऊ शकते. तेव्हा ‘प्लॅनर’ हे नाव गुणवत्तेची हमी देत नाही. चुंबक कोणत्या बाजूंना, उंची किती आणि फिल्म दाबात कशी ठेवलीय, हे तीन प्रश्न विचारा.

डेटाशीट वाचताना

संशोधनाचा लेख वाचताना आपण आलेखाआधी अक्ष बघतो. इथेही तेच करा.

उभा अक्ष ५० डेसिबलचा आहे की १०० चा? १०० चा असेल तर डोंगरही टेकाड दिसतो. आलेख किती गुळगुळीत केलाय? एक तृतीयांश सप्तकाचं सरासरीकरण केलं की सुळके नाहीसे होतात. संवेदनशीलता २.८३ व्होल्टला दिली असेल तर ८ ओहममध्ये तो १ वॅट, पण ४ ओहममध्ये २ वॅट. म्हणजे ४ ओहमवाल्याला ३ डेसिबल फुकटात मिळाले. ‘४० किलोहर्ट्झपर्यंत’ या ओळीकडे बघूही नका. तरुण कानाला फार तर २० पर्यंत ऐकू येतं आणि वयाबरोबर तेही घटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: काय दिलेलं नाही? तिरक्या दिशांचे आलेख असले तर बहुधा आडवे असतात, कारण तिथे रिबन सुंदर दिसतो. उभे आलेख क्वचितच. लेखातला गाळलेला आलेख हा सुद्धा पुरावाच असतो.

कानांचा पुरावा

‘मी डोम काढून रिबन लावला आणि आवाज उघडला.’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नाही. पण त्याने एका वेळी किती गोष्टी बदलल्या ते मोजा: पडदा, पातळी, जोडाची वारंवारता, पसरण, डिस्टॉर्शन, आणि खिशातून गेलेले पैसे. यातल्या कोणत्या बदलाने ‘उघडलं’, हे या प्रयोगातून कळू शकत नाही. ट्वीटरची पातळी एखादा डेसिबल जरी वाढली, तरी आवाज जास्त स्पष्ट वाटतो.

फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये दाखवलं की तेच श्रोते तेच स्पीकर डोळ्यांनी बघून ऐकतात तेव्हा वेगळे गुण देतात आणि पडद्याआडून ऐकतात तेव्हा वेगळे. २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचा अंदाज बांधणारं मॉडेल मांडलं, सहसंबंध ०.८६. त्या मॉडेलमध्ये समोरच्या आणि खोलीत सर्व दिशांनी पोचणाऱ्या आवाजाचा सपाटपणा आहे, आणि बास किती खोल जातो ते आहे. पडद्याचं वजन किंवा जात नाही. याचा अर्थ वजनाला महत्त्व नाही असं सिद्ध झालं, असा घेऊ नका. जे काही महत्त्व असेल ते मोजमापात दिसायला हवं, एवढाच घ्या.

घरी करायचं असेल तर पातळी जुळवा, मित्राला बदलायला लावा, स्वतः पाठ करून बसा. १० पैकी ८ वेळा बरोबर ओळखलंत तरी हुरळून जाऊ नका. निव्वळ अंदाजाने ८ किंवा जास्त यायची शक्यता सुमारे ५.५ टक्के आहे. ९ किंवा जास्तची १.१ टक्के. आकडा किती हवा ते ऐकण्याआधी ठरवून कागदावर लिहा, नंतर नाही.

मग घ्यायचं काय?

साडेसहा इंची वूफरचा दोन-मार्गी पहिला स्पीकर करत असाल, तर चांगला डोम घ्या, शक्यतो वेव्हगाइडमधला. प्लॅनरची ओढ असेल तर उंचीने छोटा घ्या. खरा रिबन तीन-मार्गी रचनेत, लहान मिडरेंजच्या वर, ३ किलोहर्ट्झच्या पुढे शोभतो, आणि ऐकणाऱ्याची खुर्ची ठरलेली असेल तेव्हाच. लोखंडाचा कीस त्याच्या चुंबकाला चिकटतो, म्हणून कापाकापी आणि भोकं पाडणं आधी उरका. आणि पट्टीवर फुंकर मारून धूळ उडवायला जाऊ नका.

या मताविरुद्ध एक मुद्दा आहे आणि तो हलका नाही. उभ्या दिशेत अरुंद झोत म्हणजे छतावरून आणि जमिनीवरून कमी परावर्तन. काहींच्या मते हाच रिबनचा फायदा. पण ही घट फक्त वरच्या वारंवारतेत होते, खालचा आवाज छतावरून येतच राहतो, त्यामुळे परावर्तित आवाज मंद होतो. तो कोणत्या खोलीत बरा वाटतो आणि कोणत्या खोलीत वाईट, हा प्रश्न मला खरोखर उघडा वाटतो.

आणि तो तुम्ही हाताळू शकता. मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. ट्वीटर जमिनीपासून १ मीटरवर आणि माईक त्याच्यासमोर १ मीटरवर ठेवला, तर जमिनीवरचं परावर्तन ३.६ मिलिसेकंद उशिरा येतं. तेवढाच काळ मोजला की ३०० हर्ट्झच्या वरचं सगळं विश्वासार्ह. ट्वीटरला ते पुरून उरतं. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. उभी दिशा मोजायला खोकं आडवं करून फिरत्या स्टुलावर ठेवा आणि दहा-दहा अंशांनी फिरवा.

पुढच्या वेळी कोणी ‘वेगवान’ म्हणालं की वाद घालू नका. उभ्या दिशेचा आलेख मागा. आणि तुमच्या प्रस्तावातही असा एखादा शब्द आहे का ते आज शोधा. सापडला तर त्याच्यापुढे तो कशाने मोजणार ते एका ओळीत लिहा. ओळ सुचली नाही तर तो शब्द काढून टाका.